मूकपटाचा लेखक नेमके काय लिहीत असे? : टेआ फॉन हार्बू यांची कारकीर्द

मूकपटात माणसे बोलत नाहीत, मग त्याला लेखक कशाला लागत असे, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्त आहे. चित्रपटाचा लेखक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संवादच येतात. टाळ्या घेणारे वाक्य ज्याचे, तो लेखक. बाकीचे सगळे दिग्दर्शकाचे आणि छायालेखकाचे, अशी आपली ढोबळ समजूत असते. ती समजूत खरी मानली तर १९३० पूर्वीच्या चित्रपटांना लेखकच नव्हते असे म्हणावे लागेल. प्रत्यक्षात त्या काळातील मोठ्या स्टुडिओंत पटकथेशिवाय एक पायही पुढे टाकला जात नसे, कारण सेट किती उभारायचे, नट किती दिवस लागणार आणि पैसा किती ओतायचा, हे सारे त्या कागदांवरूनच ठरत असे. ते कागद लिहिणाऱ्या माणसाचे काम काय होते आणि चित्रपट बोलू लागल्यावर ते कसे बदलले, हे समजून घेण्यासाठी मी एकाच कारकिर्दीचा आधार घेणार आहे. ती कारकीर्द टेआ फॉन हार्बू या जर्मन लेखिकेची आहे. 'मेट्रोपोलिस' आणि 'एम' या जगभर अभ्यासल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या पटकथांवर त्यांचे नाव आहे, आणि त्यांच्या आयुष्याचा एक धागा बेळगावजवळच्या एका गावापर्यंत येऊन पोहोचतो.

हार्बू यांचा जन्म २७ डिसेंबर १८८८ रोजी बव्हेरियातील टाउपरलिट्झ या गावी झाला. घराणे सरदारी होते, पण वैभव ओसरलेले. त्यांनी १९०६ पासून रंगभूमीवर अभिनय केला, त्याच्या जोडीने कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि १९१४ मध्ये रुडॉल्फ क्लाइन-रोग्ग या नटाशी लग्न केले. 'डास इंडिशे ग्राबमाल', म्हणजे 'भारतीय समाधी', ही त्यांची कादंबरी १९१८ मध्ये आली. एक भारतीय राजा, एक युरोपीय वास्तुविशारद आणि एक भव्य समाधी अशी तिची कल्पनारम्य गोष्ट आहे. लेखिकेने भारत पाहिलेला नव्हता; तिच्या मनातला भारत हा त्या काळच्या युरोपने रंगवलेला वाघांचा, योग्यांचा आणि राजवाड्यांचा भारत होता. निर्माता-दिग्दर्शक योए माय यांनी ही कादंबरी पडद्यावर आणायचे ठरवले आणि पटकथेसाठी हार्बू यांच्या जोडीला एक तरुण दिला. त्याचे नाव फ्रिट्झ लांग. दिग्दर्शन आपल्याला मिळेल अशी लांग यांची अपेक्षा होती, परंतु माय यांनी ते स्वतःकडे ठेवले आणि १९२१ मध्ये दोन भागांत हा चित्रपट प्रदर्शित केला. लांग यांच्या मनात ही सल अनेक वर्षे राहिली. लेखक-दिग्दर्शकाची जोडी मात्र जमली ती जमलीच. १९२२ मध्ये त्या दोघांनी लग्न केले.

आता त्या कागदांकडे वळू. मूकपटाची पटकथा म्हणजे क्रमांक घातलेल्या दृश्यांची मालिका असे. प्रत्येक क्रमांकाखाली स्थळ, पात्रांची हालचाल, कॅमेरा जवळ आहे की दूर, आणि जिथे शब्दांवाचून निभावणारच नाही तिथे पडद्यावर येणाऱ्या अक्षरपाटीचा मजकूर. नियम एकच, पण फार कडक : जे डोळ्यांना दिसू शकत नाही ते लिहायचे नाही. कादंबरीकार सहज लिहून जातो की तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला होता. पटकथाकाराला ते वाक्य वर्ज्य आहे. त्याला त्या संशयाची वस्तू करावी लागते : खुंटीवरचा कोट, कोटाच्या खिशातली अनोळखी किल्ली, ती किल्ली पाहून पुन्हा जिथल्या तिथे ठेवणारा हात. भावना वस्तूंत आणि कृतींत उतरवणे हेच मूकपटाच्या लेखकाचे मुख्य काम होते. ज्या हस्तकौशल्याचे श्रेय आपण डोळे मिटून कॅमेऱ्याला देतो, त्यातले बरेचसे आधी कागदावर घडलेले असे.

याचे एक उदाहरण अगदी जवळून पाहण्यासारखे आहे. हार्बू आणि लांग यांचा 'देअर म्यूडे टोट', म्हणजे 'थकलेला मृत्यू', हा चित्रपट १९२१ चा. एका तरुणीचा प्रियकर मृत्यूने नेला आहे आणि ती त्याला परत मागायला मृत्यूच्या घरी जाऊन पोहोचते. माणसाचे आयुष्य ठरलेले असते आणि स्वतः मृत्यूही त्यापुढे हतबल आहे, हा विचार पडद्यावर सांगायचा कसा? बोलपटात मृत्यूच्या तोंडी दोन वाक्ये घातली असती. इथे एक उंच, काळोखी दालन आहे आणि त्यात लहानमोठ्या असंख्य मेणबत्त्या तेवत आहेत. प्रत्येक ज्योत म्हणजे एक जीव. मृत्यू एका ज्योतीकडे हात नेतो, ती ज्योत त्याच्या हातांत तान्हे मूल होते, आणि क्षणात ते मूल नाहीसे होते. त्याच वेळी दूर कुठेतरी एक आई रडताना दिसते. मृत्यूच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, थकवा आहे. चित्रपटाच्या नावातला तो शब्द इथे डोळ्यांनी वाचता येतो. आपल्याकडे प्राणज्योत मालवली असे म्हणण्याची पद्धत आहेच, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही. भाषेत निजून पडलेले रूपक उठवून त्याला चालते-बोलते करणे, किंबहुना न बोलता चालवणे, ही ती विद्या होती.

अक्षरपाट्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. पाटी आली की चित्र थांबते, आणि सावकाश वाचणाऱ्या प्रेक्षकाचे वाचून होईपर्यंत ती पडद्यावर ठेवावी लागते. त्यामुळे पाट्या जितक्या जास्त तितका चित्रपट अडखळत चालतो. त्या काळातील जर्मनीत याविषयी दोन टोकांची मते होती. कार्ल मायर हे दुसरे मोठे पटकथाकार पाट्यांना हद्दपारच करायला निघाले होते, एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी दिग्दर्शित केलेल्या त्यांच्या 'देअर लेट्स्टे मान' (१९२४) या चित्रपटात कथा सांगणारी पाटी जवळजवळ नाहीच, शेवटाकडे एक येते तेवढीच. हार्बू यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी पाटीलाच चित्र बनवू दिले. 'मेट्रोपोलिस'मध्ये कामगारांची वस्ती जमिनीच्या पोटात खोलवर आहे हे सांगणारी अक्षरे पडद्यावर वरून खाली उतरत जातात, तर श्रीमंतांच्या मुलांच्या क्रीडानगरीविषयीचा मजकूर खालून वर चढतो. वर्गभेद शब्दांच्या अर्थात आहे तसाच त्यांच्या चालीतही आहे. 'फ्राउ इम मोंड' (१९२९) या चंद्रप्रवासाच्या चित्रपटात अग्निबाण सुटण्यापूर्वीची उलटी मोजणी आहे, आणि हा चित्रपट मूक असल्यामुळे ती सगळी अक्षरांत आहे. सेकंदांचे आकडे एकामागून एक पडद्यावर उतरत्या क्रमाने येतात आणि शेवटी येते 'आता!'. सभागृहात कोणी काही बोलत नसताना प्रेक्षक मनातल्या मनात ते आकडे मोजू लागतो.

मोठ्या ग्रंथाची पटकथा करतानाही हीच कसोटी लागत असे. 'डी निबेलुंगेन' (१९२४) हा दोन भागांतला चित्रपट मध्ययुगीन जर्मन महाकाव्याच्या कथेवर बेतलेला आहे आणि त्याची मांडणीही काव्यासारखी, सर्गासर्गांत केलेली आहे. काव्यात क्रीमहिल्ड आपल्याला पडलेले स्वप्न आईला सांगते : तिने पाळलेल्या बहिरी ससाण्याला दोन गरुडांनी फाडून टाकले. ऐकणाऱ्याला पुढे काय घडणार याची चाहूल लागते. चित्रपटात ते स्वप्न वाल्टर रुटमान यांनी केलेल्या ॲनिमेशनमध्ये दिसते, एक पांढरी आकृती आणि तिच्यावर झडप घालणाऱ्या काळ्या आकृती.

या लेखनाचा व्यवसाय कसा चालत असे, हेही समजून घेण्यासारखे आहे. हार्बू एकच कथा तीनदा विकत. आधी ती साप्ताहिकात क्रमशः येई, मग तिचे पुस्तक निघे, आणि त्याच सुमारास चित्रपट झळके. 'मेट्रोपोलिस' कादंबरी १९२६ मध्ये अशीच क्रमशः छापली गेली आणि ऑगस्ट शेर्ल या प्रकाशनसंस्थेने तिचे पुस्तक काढले. पुढे १९२७ मध्ये आल्फ्रेड हुगेनबर्ग यांनी ऊफा ही चित्रसंस्था विकत घेतली तेव्हा प्रकाशनसंस्था आणि चित्रसंस्था एकाच मालकाच्या हाती आल्या. वाचक हा प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक पुन्हा पुस्तक घेतो, हे गणित त्यांना पक्के ठाऊक होते. आणि त्या केवळ नवऱ्यासाठी लिहीत होत्या असे मुळीच नाही. मुर्नाऊ यांच्या 'फँटम' (१९२२) सह एकूण चार चित्रपटांच्या लेखनात त्यांचा हात होता, आणि डेन्मार्कचे कार्ल थिओडोर ड्रायर यांच्या 'मिखाएल' (१९२४) साठीही त्यांनी पटकथा लिहिली. तीन दिग्गज दिग्दर्शकांना एकाच काळात एकच लेखिका हवीशी वाटते, यातच तिच्या कसबाची पावती आहे असे मला वाटते.

तरी लेखकाचे काम दिसत नाही हे खरेच. ते दिसण्यासाठी कधी कधी चित्रपटच मोडावा लागतो. 'मेट्रोपोलिस'च्या बाबतीत तसे झाले. हे चित्रण मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असे सुमारे सतरा महिने चालले, खर्च ५० लाख मार्कांच्या वर गेला, आणि १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. खर्च भरून निघेना. अमेरिकेतील वितरणासाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराला चित्रपट कापून नव्याने जुळवायला दिला. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रॉटवांग या शास्त्रज्ञाचे तिच्यावर प्रेम होते, पण ती महानगराचा स्वामी फ्रेडरसन याच्याकडे गेली आणि त्याच्या मुलाला जन्म देताना मरण पावली. रॉटवांगच्या घरात तिचा भलामोठा दगडी मुखवटा आहे आणि त्याखालच्या चौथऱ्यावर तिचे नाव कोरलेले आहे. तो यंत्रमानव बनवतो तो स्त्रीच्या रूपात का, याचे उत्तर त्या चौथऱ्यावर आहे : त्याला आपली हेल परत हवी आहे. परंतु इंग्रजी वाचणाऱ्या प्रेक्षकाला ही तीन अक्षरे 'नरक' या अर्थाच्या शब्दासारखी दिसतील, या भीतीने अमेरिकन आवृत्तीतून हेल समूळ काढून टाकण्यात आली.

एक नाव गेले आणि त्याबरोबर काय काय गेले ते पाहा. रॉटवांगचे दुःख गेले, त्याचा सूड गेला, फ्रेडरसनशी असलेले त्याचे जुने वैर गेले. उरला एक वेडसर संशोधक, जो न थकणारे कामगार हवेत म्हणून यंत्र बनवतो, आणि ते यंत्र बाईच्या रूपात का आहे हे कोणालाच सांगता येत नाही. पाट्या बदलल्या आणि काही मीटर फीत कापली एवढ्याने पात्राच्या मनाचा कणाच निघून गेला. त्या वर्षी इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी या चित्रपटाला मूर्खपणाचा कळस ठरवले. पुढची कित्येक दशके त्याची कथा विसंगत आणि बाळबोध आहे असेच म्हटले जात राहिले. त्या टीकेतला मोठा भाग ज्या आवृत्तीवर बेतला होता ती लेखिकेने लिहिलेली कथाच नव्हती.

मूळ चित्रपट पुन्हा जुळवण्याचे प्रयत्न झाले तेव्हा हाती तीन गोष्टी होत्या. हार्बू यांची पटकथा, सेन्सॉरकडे नोंदलेला पाट्यांचा मजकूर, आणि गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांची स्वरलिपी, जिच्यात कोणत्या दृश्याशी कोणते संगीत जुळवायचे याच्या हजाराहून अधिक खुणा आहेत. कोणता तुकडा कुठे बसतो हे या कागदांनी सांगितले. २००८ मध्ये ब्युनोस आयर्स येथील चित्रपट संग्रहालयात मूळ लांबीच्या प्रतीवरून काढलेली १६ मिलिमीटरची निगेटिव्ह सापडली, तिच्यात सुमारे २५ मिनिटांचे हरवलेले चित्रण होते, आणि २०१० मध्ये बर्लिनला जवळजवळ पूर्ण 'मेट्रोपोलिस' पुन्हा पाहता आला. हेलचे स्मारक त्यात आहे. रॉटवांग त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा ऐंशी वर्षांनी त्याच्या वेडाला अर्थ येतो. पटकथा म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

हार्बू यांच्या लेखनातील उणीव झाकण्याचे मात्र कारण नाही. मेंदू आणि हात यांच्यामध्ये मध्यस्थ म्हणून हृदय हवे, हे 'मेट्रोपोलिस'चे बोधवाक्य त्यांचेच. सबंध चित्रपटभर मालक आणि मजूर यांच्यामधली दरी इतक्या भेदक चित्रांनी दाखवल्यावर शेवटी दोघांचे हात मिळवून देणे हे आजही न पटणारे आहे. लांग यांनी स्वतः पुढे या शेवटाबद्दल नापसंती व्यक्त केली. मात्र टीकेची वाटणी कशी झाली तेही पाहायला हवे. पुढे स्वतः नामवंत दिग्दर्शक झालेले लुई बुन्युएल यांनी १९२७ मध्येच चित्रपटाच्या दृश्यवैभवाची तोंडभर स्तुती केली आणि कथेच्या दोषाचे बोट हार्बू यांच्याकडे वळवले. पुढे दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता ही मांडणी फ्रेंच समीक्षकांनी रूढ केल्यावर ही वाटणी कायमचीच झाली : जे उत्तम ते लांग यांचे, जे भाबडे ते त्यांच्या बायकोचे. दोघे एका घरात राहून एकाच टेबलाशी काम करत असताना कोणती कल्पना कोणाची हे इतक्या खात्रीने कोणाला ठरवता येईल, असे मला नेहमी वाटते.

१९२९ पासून जर्मनीत ध्वनी आला. ऊफाने बाबेल्सबर्ग येथे ध्वनिचित्रणासाठी खास इमारत उभारली. पण सोय झाली तशी गैरसोयही झाली. माइक कुठेतरी दडवून ठेवलेला असे आणि नटाला त्याच्या आसपासच घोटाळावे लागे. कॅमेऱ्याच्या यंत्राचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला कोंडून ठेवावे लागे, त्यामुळे दहा वर्षांत कमावलेली त्याची चपळाई एकदम हरपली. लेखकाच्या दृष्टीने संकट याहून मोठे होते. संवाद लिहिता येणारे नाटककार स्टुडिओंत आले आणि अनेक जुन्या पटकथाकारांची कला एका रात्रीत अनावश्यक ठरली. शिवाय मूकपटाच्या पाट्या दुसऱ्या भाषेत छापल्या की तो परदेशी जाऊ शकत होता; बोलपटाला तेही सोपे राहिले नाही. एकच चित्रपट दोन-दोन भाषांत नव्याने चित्रित करण्याची पद्धत त्यातूनच आली. आपल्याकडे प्रभातने 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत केला, तो याच अडचणीवरचा उपाय होता.

अशा वेळी हार्बू आणि लांग यांचा पहिला बोलपट ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये प्रदर्शित झाला. तो 'एम'. लहान मुलींचे खून करणाऱ्या एका माणसाच्या शोधाची ही कथा आहे. इथे हार्बू यांनी ध्वनी म्हणजे संवाद असे मानलेच नाही. सुरुवातीलाच चाळवजा इमारतीच्या अंगणात मुले रिंगण करून खेळताहेत आणि एक मुलगी खुन्यावर रचलेले बडबडगीत म्हणत कोणावर राज्य येते ते मोजते आहे. धुण्याचे ओझे घेऊन चाललेली एक बाई त्यांना दटावते, हे मेले गाणे बंद करा. वरच्या मजल्यावर एल्सी नावाच्या मुलीची आई त्या बाईला म्हणते की गाताना ऐकू येतात तोवर मुले आहेत हे तरी समजते. सगळा चित्रपट या एका साध्या वाक्यावर तोललेला आहे. आवाज आहे तोवर जीव आहे.

मग आई टेबलावर ताट मांडते. दुपारचे बारा होतात. शाळा सुटते. एल्सी येत नाही. आई जिन्यात येऊन हाक मारते, 'एल्सी!' आणि त्या हाकेवर पडद्यावर काय दिसते? रिकामा जिना. कपडे वाळत घातलेला निर्मनुष्य माळा. टेबलावरचे रिकामे ताट आणि रिकामी खुर्ची. झुडपातून गडगडत येऊन थांबलेला चेंडू. तारेत अडकून फडफडणारा फुगा. खून दाखवलेला नाही, रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. चित्र आहे ते सगळे मूकपटाच्या शाळेत शिकलेले : मुलीचे नसणे वस्तूंमधून सांगायचे. त्यावर ध्वनी आहे तो एका हाकेचा, जिला उत्तर येत नाही. उत्तर न येणे हे फक्त बोलपटातच घडू शकते, कारण मूकपटात सगळेच गप्प असतात. शांततेला अर्थ यायचा तर आधी आवाज असावा लागतो. ही गोष्ट ज्यांना १९३१ मध्ये उमगली होती असे लेखक फार थोडे होते.

पुढे खुनी ओळखू येतो तो चेहऱ्यावरून नव्हे. मुलीला फुगा घेऊन देताना तो एक धून शिटीवर वाजवत असतो, नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगची, आणि फुगे विकणारा तो माणूस आंधळा आहे. काही दिवसांनी तीच शीळ पुन्हा कानी पडते आणि आंधळा साक्षीदार खुन्याला पकडून देतो. पटकथेतील ही गाठ मूकपटात बांधताच आली नसती. आणखी एका प्रसंगी पोलीस अधिकारी आणि गुन्हेगारांच्या टोळ्यांचे म्होरके आपापल्या बैठकांत त्याच खुन्याला कसे पकडायचे याची चर्चा करत आहेत, आणि एका खोलीत सुरू झालेले वाक्य दुसऱ्या खोलीत पुरे होते. कायदा आणि गुन्हेगारी एकाच सुरात बोलताहेत हे कोणी सांगत नाही, जोडणीच ते सांगते. शेवटी मात्र पीटर लोरे यांनी साकारलेल्या खुन्याला गुन्हेगारांच्या न्यायसभेपुढे बोलायची पाळी येते आणि तो बोलतो, दीर्घकाळ, तडफडून. शब्द इतका वेळ राखून ठेवल्यामुळे तिथे ते अंगावर येतात.

त्यानंतरच्या 'डास टेस्टामेंट डेस डॉक्टर माबूझे' या चित्रपटात टोळीचा सूत्रधार पडद्याआडून हुकूम देतो, आणि पडदा दूर केला तर मागे माणूसच नसतो, फक्त आवाज देणारे यंत्र असते. आवाजाला शरीर नसले तरी माणसे त्याची आज्ञा पाळतात. १९३३ च्या मार्चमध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांत, जर्मनीत या चित्रपटावर बंदी आली.

त्याच वर्षी लांग आणि हार्बू यांचा घटस्फोट झाला. लांग देश सोडून गेले. हार्बू मागे राहिल्या, आणि आता त्यांच्या आयुष्यात आयी टेंडुलकर होते. आयी गणपत टेंडुलकर हे बेळगावजवळच्या बेळगुंदीचे, शिक्षणासाठी युरोपात गेलेले आणि बर्लिनच्या वृत्तपत्रांत लिहिणारे पत्रकार, वयाने हार्बू यांच्याहून बरेच लहान. वंशशुद्धीचे कायदे करणाऱ्या राजवटीत एक नामवंत जर्मन लेखिका एका भारतीयाबरोबर संसार करत होती. बर्लिनमधील भारतीय विद्यार्थ्यांना तिची मदत होत असे. युद्धाच्या सुमारास टेंडुलकर भारतात परतले, इथे ब्रिटिशांच्या तुरुंगात गेले, आणि १९४५ मध्ये गांधीजींच्या साक्षीने सेवाग्रामला इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

हाच काळ हार्बू यांच्या नावावरचा डागही आहे. त्या नाझी पक्षाच्या सदस्य झाल्या आणि गोबेल्सच्या ताब्यातील चित्रपटसृष्टीत लिहीत राहिल्या. 'देअर हेर्शर' (१९३७), म्हणजे 'शासक', हा त्यांच्या सहलेखनातून आलेला चित्रपट एका कारखानदाराची कथा सांगतो आणि एकमेव नेत्याच्या इच्छेपुढे सर्वांनी मान तुकवावी हे तत्त्व गळी उतरवतो. त्याला राजवटीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. भारतीयांना मदत करता यावी म्हणून पक्षात गेले, असे त्या नंतर सांगत. मदत झाली असेल, पण त्याने त्या पटकथा पुसल्या जात नाहीत. ज्या हाताने पडद्याआडच्या आवाजाची आज्ञाधारकता इतक्या भेदकपणे दाखवली, त्याच हाताने चार वर्षांनी आज्ञाधारकतेचे गोडवे गावेत, याचे मला आजही दुःख होते आणि त्याला सोपे स्पष्टीकरण सापडत नाही. त्यांनी १९३४ मध्ये दोन चित्रपट दिग्दर्शितही केले, पण तिथे मन रमले नाही आणि त्या पुन्हा लेखनाच्या टेबलाकडे वळल्या.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी त्यांना काही महिने छावणीत स्थानबद्ध ठेवले. सुटल्यावर उद्ध्वस्त बर्लिनमधले विटा-दगड उपसणाऱ्या हजारो बायकांत त्याही होत्या. नंतर थोडेफार लेखन पुन्हा मिळू लागले; 'डॉक्टर होल' (१९५१) ही त्यांची अखेरच्या काळातील पटकथा. १९५४ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'देअर म्यूडे टोट' दाखवला जाणार होता आणि त्यासाठी त्यांना सन्मानाने बोलावण्यात आले. तेहतीस वर्षांपूर्वी कागदावर लावलेल्या मेणबत्त्या त्यांनी पुन्हा एकदा पडद्यावर पाहिल्या. बाहेर पडताना त्या पडल्या, इजा झाली, आणि १ जुलै १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.

लांग यांची ती जुनी सल आणखी पाच वर्षांनी निघाली. अमेरिकेतून जर्मनीला परतून त्यांनी 'भारतीय समाधी'ची कथा १९५९ मध्ये दोन चित्रपटांत केली आणि त्यासाठी ते चित्रणपथक घेऊन उदयपूरला आले. भारत न पाहता लिहिलेल्या कादंबरीला अशा रीतीने खरे राजवाडे आणि खरे तळे मिळाले, आणि श्रेयनामावलीत मूळ कादंबरीच्या लेखिकेचे नाव लागले : टेआ फॉन हार्बू.